लंडनहून आलिशान रेल्वेगाडीने एका दिवसाची सहल: बाथ, सॉल्झबरी की यॉर्क?

मुक्ता_के विचारतात:

सप्टेंबरमध्ये आई-बाबांना लंडनहून एका जुन्या इंग्लिश शहराची सहल घडवायची आहे, तीही नेहमीच्या गाडीने नाही, तर जुन्या पुलमन डब्यांतून (आलिशान खुर्च्या-टेबलांचे रेल्वे डबे), जेवणासकट. बाथ, सॉल्झबरी (जवळच्या स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिळावर्तुळासह) आणि यॉर्क ही तीन नावं डोळ्यांसमोर आहेत. बाबांना गुडघ्यांमुळे सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर चालवत नाही. आई शाकाहारी आहे, अंडं चालतं. तिकिटं माणशी काहीशे पौंडांची आहेत, त्यामुळे एकदाच आणि नीट निवडायचंय. काय बघून ठरवावं?

रूळजोड:

शहराच्या नावावरून ठरवू नका. तीन गोष्टी पाहा: गाडी तिथे खरंच थांबते का, किती वेळ थांबते, आणि पाहण्याची मुख्य जागा स्टेशनपासून किती लांब आहे.

पहिली गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. या गाड्यांच्या बऱ्याच फेऱ्या नुसत्या गोल असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून निघायचं, सरे परगण्याच्या टेकड्यांमधून जेवत-जेवत फिरायचं आणि पुन्हा व्हिक्टोरियालाच यायचं. मध्ये कुठेच उतरायचं नसतं. त्या फेऱ्या उत्तम असतात, पण तुम्हाला शहर पाहायचंय. तेव्हा वर्णनात शहरात किती तास मिळणार हे स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे जा.

दुसरी गोष्ट वेळेची. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून बाथला नेहमीची गाडी दीड तासाच्या आत-बाहेर पोचवते. चार्टर गाडीला, म्हणजे अशा सहलीसाठी खास सोडलेल्या गाडीला, त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तिला वेळापत्रकातल्या गाड्यांच्या मधल्या फटीतून वाट मिळते, ती मधेच लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) उभी राहते आणि मागची वेगवान गाडी पुढे निघून जाते. जेवणही त्याच हिशोबाने आखलेलं असतं, म्हणून आत बसून ते जाणवत नाही. शहरात मात्र साधारण तीन ते चार तासच हातात राहतात. यॉर्क लंडनपासून ३०० किलोमीटरवर आहे. नेहमीची गाडी दोन तासांत नेते, पण चार्टरने दोन्ही वेळचे तास जोडले तर वयस्कर माणसांना दिवस फार लांबतो. यॉर्कला नेहमीच्या गाडीने जाऊन एक रात्र राहा, ते शहर तेवढं मागतं.

सॉल्झबरी आणि स्टोनहेंज हे दोन्ही तीन-साडेतीन तासांत बसत नाही. स्टोनहेंज सॉल्झबरीपासून १५ किलोमीटरवर आहे. बसची वाट बघणं, जाणं-येणं, तिथला प्रवेश यातच सगळा वेळ संपतो आणि कॅथीड्रल (तिथलं मोठं चर्च) राहतं. एकट्या सॉल्झबरीसाठी जाणार असाल तर जरूर जा. स्टेशनहून रस्ता सपाट आहे, मुख्य इमारत १२२० ते १२५८ एवढ्या थोड्या काळात उभी राहिली म्हणून तिची घडण एकसंध दिसते, मनोरा १२३ मीटर उंच आहे, आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या (इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद) उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथल्या चॅप्टर हाउसमध्ये (कॅथीड्रलच्या सभागृहात) आहे.

गुडघ्यांच्या दृष्टीने लिंकन टाळा. स्टेशन खाली, कॅथीड्रल टेकडीवर आणि मधला रस्ता इतका चढाचा की त्याचं नावच स्टीप हिल. डरममध्ये स्टेशनवरून उतरायचं आणि पुन्हा कॅथीड्रलला चढायचं. तुमच्यासाठी माझं मत बाथ.

पाणपोई:

बाथला दुजोरा. स्टेशनच्या दारातून सरळ साउथगेटच्या दुकानांमधून गेलात की सात-आठ मिनिटांत ॲबी (बाथचं मोठं जुनं चर्च) आणि रोमन बाथ्स (रोमन काळातली स्नानगृहं) समोरासमोर येतात, सगळं सपाट. साडेतीन तासांत या दोनच जागा धरा.

रोमन बाथ्सचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधी काढा. गाडी पोचण्याच्या छापील वेळेनंतर किमान पाऊण तास सोडून पुढची वेळ घ्या. चार्टर गाडी वीस मिनिटं उशिरा येणं काही विशेष नाही. आत दीड तास लागतोच. खालच्या पातळीला जायला लिफ्ट आहे, पण मोठ्या कुंडाभोवतीची फरशी रोमन काळातली, झिजून उंचसखल झालेली आहे. तिथे बाबांनी काठी घ्यावी.

कुंडाशी थोडं थांबा. झऱ्याचं पाणी ४६ अंशांचं आहे, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर वर येतं. मोठं कुंड १.६ मीटर खोल आणि त्याच्या तळाला शिशाचे ४५ पत्रे, रोमन लोकांनी घातलेले, अजून तसेच. पाण्याचा हिरवा रंग शेवाळामुळे. रोमन काळी वर छप्पर होतं, ऊन पडत नव्हतं, तेव्हा पाणी असं हिरवं नसावं. पाण्यात हात घालू नका, ते शुद्ध केलेलं नसतं. १९७८ मध्ये इथल्या पाण्यात पोहल्यानंतर एका मुलीचा अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला, तेव्हापासून आंघोळ बंद आहे. प्यायचं पाणी वेगळ्या, सुरक्षित नळाचं असतं. कोमट आणि लोखंडी चवीचं, एक घोट पुरतो.

बाहेर आल्यावर ॲबीचा पश्चिमेकडचा दर्शनी भाग नीट बघा. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी शिड्या कोरल्या आहेत आणि त्यांवर देवदूत चढ-उतर करताहेत. खालूनही ते ओळखू येतात. रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांसाठी वेळ कमी असतो, म्हणून शक्य तर दुसरा वार निवडा.

रॉयल क्रेसेंट मात्र चढावर आहे. पाहायचंच असेल तर ॲबीच्या भागातून टॅक्सीने वर जा, ३० घरांची ती अर्धवर्तुळाकार रांग (१७६७ ते १७७४) बघा आणि त्याच टॅक्सीने थेट स्टेशनवर उतरा. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी स्टेशनवर असणं हा माझा पक्का नियम, कारण ही गाडी कुणासाठी थांबत नाही. चुकली तर नेहमीच्या गाडीचं वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि ती पॅडिंग्टनला नेते, व्हिक्टोरियाला नाही.

काटाचमचा:

जेवणाबद्दल. शाकाहाराची नोंद बुकिंग करतानाच करा आणि आठवडाभर आधी एकदा लेखी खात्री करून घ्या. स्वयंपाकघर डब्याच्या एका टोकाला, अगदी अरुंद असतं. ताटं ठरलेल्या संख्येनेच तयार होतात, त्यामुळे गाडीत बसल्यावर सांगितलं तर बहुधा बाजूची भाजी आणि पाव एवढंच मिळतं.

आणि नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नका. तीन गोष्टी नावानिशी विचारा: सूपचा स्टॉक कशाचा, गोड पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) आहे का, आणि चीझमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) आहे का. पार्मेजान नेहमी प्राणिज रेनेटचंच असतं. ब्रिटनमधल्या नेहमीच्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि तो चीझ टोस्टसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थातही पडतो.

कपड्यांचं म्हणाल तर ब्रिटिश पुलमन या जुन्या डब्यांच्या गाडीवर जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. पुरुषांनी कोट-टाय, आईंना साडी उत्तम. चपला सपाट तळाच्या घाला, शहरात दगडी फरसबंदी आहे. सामान म्हणजे हातातली एक छोटी पिशवी. डोक्यावरचे पितळी रॅक टोपी-कोटापुरते असतात, चाकांची बॅग मावत नाही.

मुक्ता_के:

बाथ नक्की. वाफेचं इंजिन असलेली फेरी थोडी महाग आहे, ती घ्यावी का? आणि डब्यात चढणं बाबांना जमेल का?

रूळजोड:

चढण्याचं आधी. हे डबे बहुतेक १९२० आणि ३० च्या दशकांतले आहेत. दारं अरुंद, प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मध्ये पायरी आणि फट. चाकाची खुर्ची आत जात नाही. चढताना हात द्यायला कर्मचारी असतात, तरी बाबांनी चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. आतल्या खुर्च्या खोल आणि मऊ, बसायला छान, उठायला त्रासाच्या. एक घट्ट उशी बरोबर ठेवा. दोघांचं टेबल मागा आणि ते स्वच्छतागृहाच्या टोकाजवळ असावं असंही सांगा, कारण चालत्या गाडीत हे जुने डबे चांगलेच डुलतात. टेबलावर दोघं समोरासमोर बसतात, म्हणजे एकाची पाठ गाडीच्या दिशेला येते. कुणाला मळमळतं ते आधी ठरवा. कूपे (बंद खोलीवजा कप्पा) चौघांचं असतं, दोघांना त्याची गरज नाही.

डबा मागून मिळेलच असं नाही, पण मिळाला तर खुशाल मागा. ‘आयबिस’ १९२५ चा, ब्रिटिश पुलमनमधला सगळ्यात जुना, लाकडी जडावकामातल्या नाचणाऱ्या ग्रीक मुलींसाठी ओळखला जातो. ‘पर्सियस’ १९६५ च्या चर्चिलच्या अंत्ययात्रेच्या गाडीत होता. ‘सिग्नस’ २०२१ मध्ये दिग्दर्शक वेस अँडरसनने नव्याने सजवला. स्वच्छतागृहात गेलात तर खाली बघा, फरशीवर मोझेक आहे.

आता इंजिन. ‘क्लॅन लाइन’सारखं वाफेचं इंजिन पुढे असणं हा अनुभव मोठाच आहे, पण जास्तीचे पैसे तुम्हाला आवाज आणि धूर प्रिय असेल तरच द्या. आत जेवणाच्या टेबलावर बसून इंजिन दिसत नाही, वळणावर क्षणभर दिसलं तर दिसलं. मुख्य मार्गावर वाफेच्या गाडीला ताशी ७५ मैलांची मर्यादा आहे. शिवाय जुने पाण्याचे खांब आता नाहीत, म्हणून पाणी भरायला मधे टँकर उभा करून थांबावं लागतं. दोन अटी वाचा. वाफेचं इंजिन दोन्ही वेळी आहे की एकाच बाजूला? आणि ते न मिळाल्यास काय? कोरड्या उन्हाळ्यात ठिणग्यांनी रुळालगतचं गवत पेटतं, म्हणून ऐनवेळी डिझेल लावलं जातं, आणि बहुतेक ठिकाणी त्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत. तुमच्या आई-बाबांसाठी डिझेलची फेरी घ्या.

नेमकी वेळ शेवटच्या काही दिवसांत कळवतात, कारण शनिवार-रविवारी मार्गाची कामं चालतात. त्या संध्याकाळी नाटकाचं किंवा विमानाचं तिकीट ठेवू नका. उशिराच्या भरपाईची नेहमीच्या गाड्यांची योजना इथे धरू नका, चार्टरला त्या कंपनीच्या स्वतःच्या अटी असतात. रेलकार्डही (तिकिटावर सवलत देणारं कार्ड) चालत नाही.

पाणपोई:

किंमत फार वाटली तर एक मधला मार्ग आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पॅडिंग्टनहून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या काही नेहमीच्या गाड्यांत ‘पुलमन डायनिंग’ मिळतं. पांढरा टेबलक्लॉथ, ताज्या शिजवलेल्या जेवणाचे कोर्स. डबे मात्र आधुनिक. टेबल आधी राखून ठेवा आणि त्या दिवशी कोणत्या गाडीला ही सोय आहे ते बघूनच तिकीट काढा. या मार्गावरच्या एक्सेटर शहरापर्यंत दोन-सव्वादोन तास लागतात, म्हणजे जेवण निवांत होतं. तिथल्या कॅथीड्रलचं गॉथिक छत सुमारे ९६ मीटर सलग जातं, मध्ये मनोरा आडवा येत नाही. एक्सेटरचं सेंट डेव्हिड्स स्टेशन खाली आहे आणि गाव वर, म्हणून चालत जाऊ नका. तिथून लोकल गाडीने सेंट्रल स्टेशनला या, कॅथीड्रल तिथून जवळ पडतं.