१४ वर्षांच्या मांजरीची सांधेदुखी : घरी काय करता येईल?

खानापूरकरीण
नमस्कार. आमची मनी १४ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती फडताळावरून माळ्यावर आणि तिथून थेट कौलांवर जात असे. यंदा जूनपासून मात्र ती स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंतही पोचत नाही. खाली बसून वर पाहते, दोनदा अंग सावरते आणि तशीच मागे फिरून बंबाजवळच्या गोणपाटावर निजते. ती लंगडत नाही, ओरडत नाही, म्हणून आम्ही हे वयाचेच समजलो. पण या महिन्यात ती तिच्या टबाच्या बाहेरच घाण करू लागली आणि कमरेपाशी हात लावला की फिसकारू लागली, जे तिने आजवर कधी केले नव्हते. दवाखान्यात नेले, तर तिथे सगळी वर्दळ गाई-म्हशींची. टेबलावर ठेवताच ती भीतीने अंग चोरून बसली आणि "म्हातारी झाली आहे" एवढेच ऐकून आम्ही परतलो.

सासूबाई स्वतःच्या गुडघ्यांना लसूण घालून कढवलेले तेल लावतात, तेच तिला लावून शेकावे असे त्यांचे म्हणणे आहे. शेजारच्यांनी तापाची अर्धी गोळी सुचवली आहे. यातले काहीच करायचा मला धीर होत नाही. कुणी म्हाताऱ्या मांजरीची सांधेदुखी सांभाळली आहे का?

निपाणीकर
ताई, तापाची गोळी कृपा करून देऊ नका. तिच्यातले पॅरासिटामॉल निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेऊ शकत नाहीत, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि माणसाच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही माणसांची वेदनाशामकेही तितकीच घातक आहेत.

लसणीचे तेलही नको. मांजर अंगाला लागलेले सर्व काही चाटते, आणि लसूण व कांदा तिच्या तांबड्या पेशी फोडतात. दुखण्यावरचे बाम आणि निलगिरी तेलही नको, तीही चाटण्यातून पोटात जाऊन विषारी ठरतात. सासूबाईंची शेकण्याची कल्पना मात्र अगदी योग्य आहे, ती तेलाशिवाय करावी.

टिळकवाडीचे काका
आमचा बोका १७ वर्षे जगला आणि त्यातली शेवटची चार वर्षे सांध्यांच्या झिजेसह जगला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मांजरांत हा आजार बहुधा दोन्ही बाजूंच्या सांध्यांना होतो, त्यामुळे एक पाय वाचवून चालणे दिसत नाही. दिसते ते फक्त उडी टाळणे, चिडणे आणि पाठ चाटून स्वच्छ न करणे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १२ वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली. म्हणजे मनीचे दुखणे दुर्मीळ नाही, आणि "म्हातारी झाली" हे त्याचे निदानही नाही.

डॉक्टरांकडे पुन्हा जाण्यापूर्वी ती घरात कशी चालते, उठते, ओट्याकडे पाहून कशी माघारी फिरते, याचे मोबाइलवर चित्रण करा. टेबलावर आखडलेल्या मांजरापेक्षा ते दोन मिनिटांचे चित्रण डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. शक्य असल्यास बेळगावात कुत्र्या-मांजरांवर नियमित उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि औषध सुरू करण्याआधी मूत्रपिंडांसाठी रक्ताची तपासणी करून घ्या, कारण या वयात सांध्यांचा आणि मूत्रपिंडांचा विकार बरोबरच असू शकतात. मेलोक्सिकॅम हे सांधेदुखीवरचे द्रवरूप औषध युरोपात मांजरांना दीर्घकाळ, अत्यल्प मात्रेत देण्यास मान्यता आहे. अमेरिकेत मात्र मांजरांना ते वारंवार दिल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात असा ठळक इशारा त्याच्यावर छापलेला असतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, आणि मांजर जेवेनासे झाले किंवा उलट्या होऊ लागल्या तर औषध थांबवून त्यांना लगेच कळवावे. आमच्या बोक्याला मूत्रपिंडांमुळे ते चालले नाही. त्याला गॅबापेंटिन हे दुसरे वेदनाशामक दिले होते, त्याने थोडी गुंगी येत असे, पण तो पुन्हा अंग चाटू लागला.

खरा फरक मात्र घरातल्या बदलांनी पडला. टबाची एक बाजू तीन बोटे उंची राखून कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत बारीक वाळू घाला; मला वाटते, मनी टबाबाहेर घाण करते ती काठ ओलांडताना कंबर दुखते म्हणूनच. शहाबादी फरशीवर म्हाताऱ्या मांजराचे पाय घसरतात, तेव्हा तिच्या नेहमीच्या वाटेवर गोणपाट अंथरा. तिच्या आवडत्या खिडकीखाली पाट आणि भरलेली खोकी रचून वीतभर उंचीच्या पायऱ्या करा. खानापूरच्या पावसात तिला ऊबही हवी : गरम पाण्याची बाटली जुन्या सदऱ्यात गुंडाळून घोंगडीच्या एका कडेला ठेवा, म्हणजे नको वाटल्यास तिला दूर सरकता येईल. नखेही तपासा, खरवडणे थांबले की ती वाढून पंजाच्या गादीत रुततात.

चिकोडीची सून
मनी वजनाने जड असेल तर ते हळूहळू उतरवा, पण तिला उपाशी ठेवू नका. मांजराने काही दिवस खाल्ले नाही तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. खारवलेले सुके मासेही या वयात टाळलेले बरे. आमच्याकडे श्रावणात मासे शिजत नाहीत, तेव्हा सासऱ्यांच्या संमतीने मांजराचे अंडे परसात वेगळ्या भांड्यात उकडते.

खानापूरकरीण
सर्वांचे मनापासून आभार. तेलाची वाटी सासूबाईंनी स्वतःहून बाजूला ठेवली आणि बाटलीत बंबाचे पाणीही त्यांनीच भरून दिले. काका, टब काल कापला. आज सकाळी मनी त्यात गेली. उजव्या पुढच्या पायाचे एक नख खरोखरच गादीत रुतले आहे, ते आम्ही घरी ओढलेले नाही. मंगळवारी बेळगावला जाणार आहोत. झाकणाची करंडी आतापासूनच बंबाजवळ उघडी ठेवली आहे, म्हणजे त्या दिवशी तिला ती नवी वाटणार नाही. रक्ताचा अहवाल आला की इथे लिहीन.