विषय: "मी पोळी खाल्लो" – प्रौढ वर्गात भूतकाळ कसा शिकवावा?

प्रेषक: प्रौढ वर्गातल्या एका विद्यार्थ्याची पत्नी

नमस्कार मंडळी,

माझे यजमान हैदराबादचे, घरची भाषा तेलुगू. या वर्षी ते मंडळाच्या शनिवारच्या प्रौढ मराठी वर्गाला यायला लागले. वर्तमानकाळ चांगला बसलाय. "मी ऑफिसला जातो", "तू काय करतेस", सगळं न अडखळता. "मी उद्या येईन", "आपण जाऊ" हेही जमतं. भूतकाळ आला आणि गाडी अडली. "मी आलो, मी बसलो" बरोबर म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात "मी पोळी खाल्लो, मी भाजी आणलो".

मी दुरुस्त केलं की विचारतात, "मी पुरुष आहे ना? मग 'खाल्ली' कसं म्हणू? ते तू म्हणायचं." मला यावर नीट उत्तर देता येत नाही. आपण लहानपणापासून बोलत आलो, नियम कधी शोधलाच नाही.

मागच्या आठवड्यात ठाण्याहून माझ्या मावशीचा फोन होता. हे "पोळी खाल्लो" म्हणाले आणि पलीकडे सगळे हसले. तेव्हापासून मावशीशी हे इंग्रजीतच बोलतात. मला फार वाईट वाटलं. कुणाकडे काळांचा सोपा तक्ता असेल तर पाठवाल का? आमच्याकडच्या पुस्तकात बारा काळ आहेत, ते बघूनच यांचा उत्साह जातो.

प्रेषक: शनिवारच्या वर्गाची शिक्षिका

ताई, नमस्कार.

यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे. "आलो, बसलो, झोपलो" ही क्रियापदं बोलणाऱ्याला धरून चालतात. पुरुष "आलो" म्हणतो, बाई "आले". पण खाणं, आणणं, लिहिणं, विकत घेणं, अशा कर्म लागणाऱ्या क्रिया भूतकाळात गेल्या की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचा हात धरतं. "खाल्ली"मधली ई पोळीची आहे. खाणारा पुरुष आहे, बाई आहे की सगळं घर आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. मी पोळी खाल्ली, त्याने पोळी खाल्ली, आजोबांनी पोळी खाल्ली. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणायचो आणि दोन मार्कांसाठी ओळखायचो.

म्हणून तक्ता मागितलात तरी मी तो आत्ता पाठवत नाही. मराठी भूतकाळ अडतो तो नामाच्या लिंगापाशी. पोळी "ती" आहे हे तोंडात बसलेलं नसेल तर "खाल्ली" येणार कुठून? आणि ते बारा काळ (साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती, असे प्रत्येकी चार) खोटे नाहीत, पण पहिल्याच वर्षी बारा खण भरायला बसलं की माणूस बोलायचा थांबतो.

वर्गात मी सुरुवात "णार"पासून करते. मी येणार, तू येणार, त्या येणार, सगळे येणार. लिंग नाही, वचन नाही, पहिल्याच दिवशी वाक्यं बोलता येतात. शिवाय "मी येईन"चा नकार करायचा तर "मी येणार नाही" असंच म्हणावं लागतं, त्यामुळे हे रूप पुढेही कामाला येतं. मग वर्तमानकाळ. "येईन, येशील, येईल" त्यानंतर. त्यातही स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणून ते जड जात नाही.

त्यानंतर लगेच भूतकाळ घेत नाही. मध्ये काही आठवडे "हवा, हवी, हवं" आणि "आवडतो, आवडते, आवडतं" यांवर काढते, आणि हा वेळ मी कधीच कमी करत नाही. मला चहा हवा, कॉफी हवी, पाणी हवं. मला आंबा आवडतो, भेंडी आवडते, वरण आवडतं. इथे वर्तमानकाळातच क्रियापद वस्तूच्या बाजूने उभं असतं. कुठलाही पुरुष "मला कॉफी हवी" म्हणताना थबकत नाही. यजमानांना हेच विचारून बघा: "कॉफी हवी" चालतं ना? मग "कॉफी आवडली" म्हणा. आता "कॉफी घेतली" म्हणा. मग "पोळी खाल्ली". एकदा कान या वळणावर आला की "मी पुरुष आहे ना" हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

यासाठी वर्गात मी खरोखरचं ताट मांडते. भात खाल्ला, भाजी खाल्ली, वरण खाल्लं. मग पुऱ्या खाल्ल्या. मग लाडू, आणि लाडवापाशी मी मुद्दाम थांबते. एक लाडू, चार लाडू, शब्द तोच राहतो. "लाडू खाल्ला" आणि "लाडू खाल्ले" यांत किती खाल्ले ते फक्त क्रियापद सांगतं. हे लक्षात आलं की शिकणाऱ्यांचे चेहरे बदलतात, कारण इतके दिवस ज्या शेपटाचा वैताग येत होता ते शेपूट काहीतरी सांगतंय हे त्यांना पहिल्यांदा दिसतं. केळ्यापाशी मात्र सांभाळून. एक केळं खाल्लं, दोन केळी खाल्ली. ही "खाल्ली" पोळीच्या "खाल्ली"सारखीच दिसते, पण ते नपुंसकलिंगाचं अनेकवचन आहे. पहिल्या दिवशी केळी ताटात ठेवूच नयेत.

"ने"चं थोडक्यात सांगते. त्याने, तिने, त्यांनी, आईने, बाबांनी; पण मी, तू, आम्ही, तुम्ही तसेच राहतात. जुन्या मराठीत "म्यां केलें, त्वां केलें" अशी वेगळी रूपं होती, ती बोलण्यातून गेली आणि "मी, तू" त्या जागी बसले. म्हणूनच "मी पोळी खाल्ली"मध्ये "मी" कर्ता दिसतो आणि नवशिका फसतो. शक्य असेल तर सुरुवात "मी"पासून करूच नका. "त्याने पोळी खाल्ली, तिने आंबा खाल्ला" आधी. "ने" दिसला की क्रियापद त्याच्याकडे जाणार नाही हे समजायला सोपं जातं. "तू"ला शेवटी एक स लागतो: आंबा खाल्लास, पोळी खाल्लीस, केळं खाल्लंस. ते सावकाश येऊ द्या.

काही रूपं मात्र पाठच करावी लागतात. जा–गेला, ये–आला, हो–झाला, कर–केला, दे–दिला, घे–घेतला, खा–खाल्ला, धू–धुतला, सांग–सांगितला, माग–मागितला. रोजची क्रियापदं आहेत, नियम शोधण्यापेक्षा बोलून लवकर बसतात.

आणि मावशींसाठी एक विनंती. "खाल्लो नाही, खाल्ली" अशी दुरुस्ती करू नका. त्याऐवजी विचारा, "पोळी – तो की ती?" ते "ती" म्हणतील आणि पुढचं वाक्य स्वतःच नीट करतील. नवीन शब्द सांगतानाही नुसतं "चमचा" सांगू नका, "तो चमचा, ती वाटी, ते ताट" असंच सांगा. घरात एवढं एक पथ्य पाळलं तरी वर्गातलं निम्मं काम होतं.

प्रेषक: मंडळाचे एक जुने सभासद, मूळ सोलापूर

ताई, बाई, दोघींना नमस्कार.

मी सोलापूरचा. आमच्याकडे घराघरात "मी भाकरी खाल्लो", "मी काम केलो", "मी त्याला सांगितलो की" असंच बोलतात. माझी आई आयुष्यभर असंच बोलली आणि तिचं मराठी कुणापेक्षा कमी नव्हतं. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एका गल्लीत नांदतात. मागांच्या धंद्यामुळे तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच झालीत. कन्नड-तेलुगूत भूतकाळातही क्रियापद बोलणाऱ्यालाच धरून राहतं, आणि आमच्या मराठीनेही ती चाल उचलली. म्हणजे जावईबापू जे बोलले ते महाराष्ट्रात लाखो लोक रोज बोलतात. त्यांना हे जरूर सांगा.

नागपूरकडे "मी जाऊन राहिलो" म्हणतात. कोल्हापूरकडे बायकासुद्धा "मी आलो, मी जातो" म्हणतात. बाईंनी वर्गात प्रमाण मराठीच शिकवावी, माझी नातही तीच शिकते आणि मला ते हवंच आहे. पण "असं मराठीत नसतंच" असं कुणी म्हणू नये आणि हसू तर मुळीच नये.

प्रेषक: प्रौढ वर्गातल्या एका विद्यार्थ्याची पत्नी

काका, तुमचा मेल मी यांना वाचून दाखवला. त्यांनी तो लगेच हैदराबादला त्यांच्या भावाला वाचून दाखवला, इतकं बरं वाटलं त्यांना. मनापासून आभार.

ताई, "तो की ती" घरात सुरू केलंय आणि फरक पडतोय. "मी भाजी आणली, दूध आणलं" आता न सांगता येतं. पण नवीन अडचण आली. नियम कळल्यावर काल म्हणाले, "मी छत्री विसरली" आणि "मी मराठी शिकली". छत्री "ती", मराठी "ती", मग चुकलं कुठे? दुसरं, "मी मुलीला शाळेत सोडली" की "सोडलं"? मी "सोडलं" म्हणते, पण का ते सांगता येत नाही. तिसरा प्रश्न त्यांचाच: भूतकाळाचं हे वळण मराठीत कधीपासून आहे?

आणि एक आमच्या मुलाचा. आजी व्हिडिओ कॉलवर "आलेच हं" म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. आली नाही, तर "आले" कसं?

प्रेषक: शनिवारच्या वर्गाची शिक्षिका

ताई,

यजमानांनी नियम लावला तो बरोबरच लावला. काही क्रियापदं त्याला अपवाद आहेत. शिकणं, विसरणं, बोलणं, भेटणं ही कर्म असलं तरी भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात: तो मराठी शिकला, ती मराठी शिकली, मी छत्री विसरलो, ती मला भेटली. "म्हणाला, म्हणाली"ही तसंच. "पिणं" दोन्हीकडे चालतं, "ती चहा प्यायली" आणि "तिने चहा प्यायला", दोन्ही ऐकू येतील. यादी लहान आहे. त्यातली शिकलो, विसरलो, भेटलो ही तीन नवशिक्याला रोज लागतात, तेवढी आधी पक्की करा. एकेक खरं वाक्य करून फ्रिजवर लावा.

"मुलीला सोडलं" हेच बरोबर. कर्माला "ला" लागला की क्रियापद त्याचाही हात सोडतं आणि मधल्या, तटस्थ रूपात राहतं. मुलाला सोडलं, मुलीला सोडलं, मुलांना सोडलं. हा भावे प्रयोग. शिकणाऱ्यांना हा फार आवडतो, कारण इथे लिंग आठवावंच लागत नाही. माणसांबद्दल बोलताना "ला" बहुतेक वेळा येतोच, त्यामुळे व्यवहारात याचा खूप उपयोग होतो.

कधीपासून, तर अगदी आरंभापासून. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी मराठीतली जी जुनी ओळ कोरलेली आहे, "श्रीचावुण्डराजें करवियलें", ती घ्या. "राजें" म्हणजे आजचं "राजाने" आणि "करवियलें" म्हणजे "करवलं". ती मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय पुरुष, पण क्रियापद त्याच्या लिंगात नाही. करवून घेतलेल्या गोष्टीचं आहे. त्याच्याही मागे गेलं तर संस्कृतात "तेन कृतम्", त्याच्याकडून केलं गेलेलं. "केलं"चं मूळ तिथे आहे. म्हणजे यजमान "मी भाजी आणली" म्हणतात तेव्हा मराठीच्या जवळजवळ पहिल्या वाक्याचीच घडण वापरतात. ती मूर्ती आज कर्नाटकात आहे, हेही त्यांना सांगा, आवडेल.

काका, तुमचा मेल मी वर्गात वाचून दाखवणार आहे. प्रमाण रूप शिकवताना "पुस्तकात आणि बातम्यांत असं येतं" एवढंच म्हणायचं असं मी ठरवलंय. "चूक" हा शब्द "मी केलो"साठी वापरणार नाही.

मुलाला सांगा, आजीचं "आलेच" म्हणजे "इतक्या लगेच येते की आलेच असं समज". पुढे होणारी गोष्ट झाल्यासारखी बोलायची, वर "च" लावायचा. "निघालोच", "केलंच बघ", सगळी त्यातलीच. आणि आजी फोन ठेवताना "येते हं" म्हणते ते जाण्यासाठी. निघताना "जाते" म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

या शनिवारी वर्ग नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खोलीत. प्रत्येकाने घरून खाण्याची एक वस्तू आणावी आणि तिच्याबरोबर "तो, ती, ते" लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. केळी मी आणते, आता वेळ झाली त्यांची. काका, जमलं तर तुम्हीही या आणि तासभर सोलापूरच्या बोलीत गप्पा मारा. येताना शेंगदाण्याची चटणी आणलीत तर फारच छान.