नूडल्सचा हिशेब मांडणारा फ्रेंच माणूस: रेमंड फेडरमन अमेरिकेला हसतो आहे का?

बोरूबहाद्दर

फ्रान्समध्ये जन्मलेला अमेरिकी लेखक रेमंड फेडरमन याची 'डबल ऑर नथिंग' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक दोन ओळींत सांगता येते. न्यूयॉर्कमधल्या एका भाड्याच्या खोलीत एक माणूस ३६५ दिवस स्वतःला कोंडून घ्यायचे ठरवतो. महायुद्धानंतर फ्रान्समधून बोटीने अमेरिकेत आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाची गोष्ट त्याला लिहायची आहे. मात्र गोष्टीला हात घालण्याआधी वर्षभराच्या सामानाचा हिशेब जुळवायला हवा, आणि हा हिशेब काही केल्या संपत नाही. खोलीचे भाडे आठवड्याला ८ डॉलर असेल तर जेवणात नूडल्सच परवडतील. रोज एक डबा धरला तर ३६५ डबे लागतील. मग टोमॅटो सॉस किती, टूथपेस्ट किती, च्युइंगगम किती, शौचालयात लागणारा कागद किती? एक आकडा हलला की सगळी बेरीज कोसळते आणि गृहस्थ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. हे सगळे टंकलेखन यंत्रावर अशा तऱ्हेने मांडले आहे की प्रत्येक पानावरच्या मजकुराचा आकार निराळा आहे.

माझे म्हणणे असे की अमेरिकी संस्कृतीवर याहून धारदार उपहास एखाद्या स्थलांतरिताने क्वचितच लिहिला असेल. बाहेरून आलेला लेखक बहुधा मोठ्या गाड्या, मोठी जेवणाची ताटे आणि मोठ्या आवाजातले हसणे यांची टिंगल करून थांबतो. फेडरमन त्यांच्या वाटेला फारसा जात नाही. नीट योजना आखली, काटकसर केली आणि घड्याळ सांभाळले की कोणीही स्वतःला घडवू शकतो, ही बेंजामिन फ्रँकलिनपासून चालत आलेली जी अमेरिकी श्रद्धा आहे, ती तो अक्षरशः खरी मानून चालतो आणि ती माणसाला कुठे नेऊन सोडते ते दाखवतो. ती त्याला एका बंद खोलीत, नूडल्सच्या ढिगाऱ्यापाशी नेते, आणि गोष्ट मात्र लिहून होत नाही.

हा माणूस ऐकीव माहितीवर लिहीत नव्हता. तो १९४७ मध्ये अमेरिकेत उतरला, डेट्रॉइटच्या कारखान्यांत राबला, सॅक्सोफोन वाजवायला शिकला, ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये छत्रीधारी सैनिक झाला आणि कोरियन युद्धाच्या काळात पूर्वेकडे गेला. परतल्यावर त्याने कोलंबिया विद्यापीठात पदवी घेतली, लॉस एंजेलिसला आयरिश लेखक सॅम्युएल बेकेटवर प्रबंध लिहिला आणि १९६४ पासून १९९९ पर्यंत बफेलोच्या विद्यापीठात शिकवले. एवढ्या पायऱ्या चढलेला माणूस त्या जिन्यालाच हसत असेल तर त्या हसण्याला वजन असते. आपल्याला काय वाटते?

उंबरठा

आपण चरित्र सांगितलेत, पण नेमक्या चुकीच्या वर्षापासून सुरू केलेत. ते १९४७ पासून नव्हे, १६ जुलै १९४२ पासून सांगायला हवे. त्या पहाटे फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि आसपासच्या भागात ज्यूंची धरपकड सुरू केली आणि दोन दिवसांत सुमारे १३ हजार माणसे उचलली. फेडरमन कुटुंब पॅरिसला लागून असलेल्या माँरूजमध्ये राहत होते. पोलिसांची पावले जिन्यात वाजली तेव्हा आईने चौदा वर्षांच्या रेमंडला जिन्यालगतच्या अडगळीच्या फडताळात ढकलले आणि दार लावून घेतले. आई, वडील आणि दोन बहिणी ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. मुलगा दिवसभर अंधारात बसून राहिला. तिथे त्याला साखरेच्या वड्यांचा एक खोका सापडला आणि त्या त्याने खाल्ल्या. शौचाला जागा नव्हती म्हणून वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि नंतर ती पुडी छपरावर नेऊन ठेवली. हे त्याने 'द व्हॉइस इन द क्लॉजेट' या १९७९ च्या पुस्तकात एकाही विरामचिन्हाशिवाय लिहिले आहे, आणि त्यातला मजकूर पानापानावर चौकोनी खोक्यासारखा बसवलेला आहे.

आता आपली ती ८ डॉलरची खोली पुन्हा पाहावी. बंद दार, मोजून ठेवलेले अन्न आणि शौचाच्या कागदाचा हिशेब एवढ्या गोष्टी समोर असताना हा अमेरिकी काटकसरीचा उपहास आहे असे म्हणणे मला विलक्षण वाटते. ते फडताळच आहे, फक्त भाड्याचे. त्या कादंबरीत आई, वडील आणि बहिणी यांच्या जागी केवळ चार फुल्या छापल्या आहेत. ज्या पुस्तकात नूडल्सवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि चार माणसांना चारच खुणा मिळतात, त्यातला विनोद अमेरिकेविषयी असूच शकत नाही. अमेरिका तिथे निव्वळ पत्ता म्हणून आली आहे.

खडूस_वाचक

मला वरची दोन्ही मते मान्य नाहीत. माझा आक्षेप साधा आहे. ज्या देशाने या माणसाला आसरा दिला, सैन्यातून परतलेल्यांसाठी १९५२ मध्ये कायदा करून शिक्षणासाठी महिन्याला ११० डॉलर देऊ केले, विद्यापीठात पस्तीस वर्षे नोकरी दिली आणि 'स्माइल्स ऑन वॉशिंग्टन स्क्वेअर' या कादंबरीसाठी अमेरिकन बुक अवॉर्डही दिले, त्याच देशाची त्याने जन्मभर थट्टा करावी याला मराठीत खाल्ल्या घराचे वासे मोजणे म्हणतात. त्याच्या घरच्यांना पकडून नेणारे पोलीस फ्रेंच होते. मग कोरडे ओढायचे ते फ्रान्सवर ओढावेत, डेट्रॉइट आणि न्यूयॉर्कवर कशासाठी?

बोरूबहाद्दर

खडूस_वाचक, वाशांचा दृष्टान्त आपण दिलात याबद्दल आभारी आहे, कारण मोजणे हाच तर या लेखकाचा धंदा आहे. मात्र फ्रान्स सुटला हे खरे नाही. 'आंट रेचेल्स फर' ही कादंबरी त्याने आधी फ्रेंचमध्ये लिहिली. दहा वर्षे अमेरिकेत काढून पॅरिसला परतलेला निवेदक त्यात नातेवाइकांचा जो समाचार घेतो, त्यापुढे अमेरिकेची थट्टा लाडिक वाटावी.

उपकारांबद्दल एक सांगतो. ते ११० डॉलर कोणी ओवाळणी म्हणून घातलेले नव्हते. ज्याने गणवेश चढवला त्यालाच ते मिळत होते.

निंबोणी

मी साहित्याची अभ्यासक नाही, पण ८ डॉलर हा आकडा वाचून थांबले. माझे वडील १९६९ मध्ये पुण्याहून ओहायोला शिकायला गेले, तेव्हा परकीय चलनाच्या नियमांमुळे भारतातून निघताना हातात आठच डॉलर मिळत असत. त्या पिढीतल्या अनेक मराठी घरांत हा आकडा गोत्रासारखा सांगितला जातो. वडिलांची त्या वर्षाची हिशेबाची वही माझ्याजवळ आहे. लांबट, लाल कापडी पाठीची वही पुण्यातूनच नेलेली होती. तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे सेंट लिहून शेजारी साडेसातने गुणलेले रुपये मांडले आहेत. कोबी, १९ सेंट, १ रुपया ४२ पैसे, आणि पुढे पेन्सिलीने 'नको'. खाली बटाटे आहेत आणि त्यांच्यापुढे काही लिहिलेले नाही, म्हणजे बटाटे घेतले असावेत. असे 'नको' पहिल्या चार महिन्यांत पानोपानी आहेत. एका रविवारी त्यांनी गावी पत्र पाठवायला किती खर्च येईल तो काढला, मग तेवढ्यात किती पाव येतील तेही काढले, आणि तरीही पत्र पाठवले.

हे वाचून आम्ही भावंडे खूप हसतो. वडील मात्र कधी हसले नाहीत. त्यामुळे उंबरठा यांना मला विचारावेसे वाटते की हिशेबाचे हे वेड फडताळातूनच यायला हवे का? परक्या देशात उतरलेला कोणीही माणूस पहिले वर्षभर हेच करतो. त्याच्या डोक्यातल्या भावात आणि दुकानातल्या भावात ताळमेळ बसत नाही. फेडरमनने ती घालमेल पकडली आहे आणि तिच्यात अमेरिकेचा वाटा आहे, कारण जिथे दुकान भरलेले असते तिथेच 'नको' इतक्या वेळा लिहावे लागते.

उंबरठा

निंबोणी, वहीचे वर्णन सुंदर आहे. त्या वहीचे एखादे पान आपण कधी छापावे असे मनापासून वाटते. तरीही एक फरक नोंदवतो. आपल्या वडिलांच्या हिशेबात टपालाचा खर्च येतो, कारण पत्र घेणारे घर गावी होते. फेडरमनच्या त्या मुलाला पत्र लिहायला कोणीच उरलेले नाही. एक बाजू कायमची कोरी असलेली वही आणि दोन्ही बाजूंनी भरलेली वही सारखी नसते.

तिरकस_रेघ

सगळी चर्चा एकाच पुस्तकावर चालली आहे म्हणून दुसरे पुस्तक मध्ये आणतो. अमेरिकेवरचा उपहास पाहायचा असेल तर तो १९७६ च्या 'टेक इट ऑर लीव्ह इट'मध्ये अधिक उघड आहे. त्यातल्या फ्रेंची नावाच्या सैनिकाला कोरियाला जाण्याआधी रजा मिळाली आहे आणि तेवढ्या दिवसांत संपूर्ण अमेरिका आडवी ओलांडून पाहायची त्याची मनीषा आहे. पण सैन्याच्या कागदपत्रांत नेहमीचा घोळ होतो आणि त्याला आधी पगाराच्या पैशांसाठी भलत्याच दिशेला, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला जावे लागते. ती महायात्रा काही घडत नाही. गाडी, मोकळा रस्ता आणि पश्चिमेचे क्षितिज ही अमेरिकेची सर्वांत लाडकी दंतकथा आहे, आणि फेडरमन तिला एका कारकुनी चुकीपायी खड्ड्यात घालतो. या कादंबरीच्या पानांना क्रमांकही दिलेले नाहीत. ती उभ्याने किंवा बसून मोठ्याने वाचावी अशी सूचना मात्र मुखपृष्ठापाशीच केली आहे.

या पुस्तकाचे फ्रेंच भावंड १९७४ मध्ये आले होते. त्याचे नाव 'आमेर एल्दोरादो'. फ्रेंचमध्ये 'आमेर' म्हणजे कडू, आणि रोमन लिपीत तीच अमेरिकेची पहिली चार अक्षरे आहेत. कडू सुवर्णभूमी! उंबरठा यांच्या मते अमेरिका निव्वळ पत्ता असेल, तर लेखकाने तो पत्ता शीर्षकातच कडू का ठरवावा?

जाता जाता आणखी एक. तोकव्हिल हा फ्रेंच विचारवंत १८३१ मध्ये अमेरिकेत आला, नऊ महिने हिंडला आणि घरी जाऊन निरीक्षणे लिहिली. पाहुण्याने यजमानाबद्दल लिहिले की ते विवेचन ठरते. घरजावयाने लिहिले तर त्याला लगेच कृतघ्न म्हणतात, आणि खडूस_वाचक यांनी नेमके तेच केले आहे.

खडूस_वाचक

घरजावई ही उपमा मान्य आहे. घरजावयाने सासऱ्याची नक्कल करून दाखवली तर बैठकीत हशा पिकतो, पण तोच प्रयोग पस्तीस वर्षे चालू ठेवला तर बैठक उठून जाते. माझा दुसरा आक्षेप अजून कोणी हाताळलेला नाही. उपहास वाचकापर्यंत पोहोचावा लागतो. तिरकी पाने, उभी पाने, क्रमांक नसलेली पाने आणि विरामचिन्हांचा दुष्काळ या सगळ्यांतून वाट काढणारे वाचक असतात किती? ज्या कारकुनाची आणि कारखानदाराची थट्टा करायची, त्याने ते पुस्तक उघडूनही पाहिले नाही तर त्याचे काय बिघडले? शिवाय हा लेखक डेट्रॉइटमध्ये प्रसिद्ध जाझ वादक चार्ली पार्करने आपला सॅक्सोफोन मागून घेऊन वाजवला होता, असेही सांगत असे. आठवण आणि कल्पना यांत आपण फरक करत नाही, हेही तोच म्हणणार. मग अमेरिकेविषयी तो जे सांगतो ते तरी कशावरून खरे मानायचे?

बोरूबहाद्दर

पार्करची गोष्ट खरी की रचलेली, याने मला फरक पडत नाही. एकोणिसाव्या वर्षी डेट्रॉइटमध्ये जाझ शिकणाऱ्या परक्या मुलाला अमेरिकेत एकच गोष्ट मनापासून आवडली होती आणि ती गोऱ्या अमेरिकेची नव्हती, एवढे त्यातून कळते आणि तेवढे मला पुरते. वाचकसंख्येबद्दलचा आपला मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. कठीण पुस्तक कमी लोक वाचतात हे उघड आहे.

उंबरठा

तिरकस_रेघ यांच्या शीर्षकाच्या मुद्द्यानंतर मी 'डबल ऑर नथिंग' पुन्हा चाळले. 'निव्वळ पत्ता' हे माझे शब्द मी मागे घेतो, फडताळाविषयीचे म्हणणे मात्र घेत नाही. एक गोष्ट मला खटकत राहिली आहे. त्या माणसाला वर्षभराचे नूडल्स एकदम का आणायचे आहेत? खोली न्यूयॉर्कमध्ये आहे. कोपऱ्यावरचे दुकान रोज सकाळी उघडणार आहे, नूडल्स संपले तर जिना उतरून दुसरा डबा आणता येईल, आणि सगळी बेरीज एका क्षणात अनावश्यक ठरेल. एवढे हिशेब करणाऱ्या माणसाला हा हिशेब का सुचत नाही? माझ्या मते जिन्यावर पावले वाजतील या धास्तीने दार उघडायचे नाही म्हणून. पण निंबोणी म्हणतील की भरलेल्या दुकानात आपल्यासाठी काही आहे यावर नव्याने आलेल्या माणसाचा विश्वासच बसत नाही म्हणून, आणि ते मला नाकारता येत नाही.

निंबोणी

मी तसेच म्हणेन. वडिलांच्या खोलीखालीच किराणा दुकान होते, तरी पहिल्या डिसेंबरात त्यांनी अकरा पौंड तांदूळ एकदम आणून पलंगाखाली ठेवल्याची नोंद वहीत आहे. बर्फ पडले तर काय करायचे, असे कारण त्यांनीच कंसात लिहिले आहे.

बोरूबहाद्दर

कोपऱ्यावरच्या दुकानाचा प्रश्न दोनदा वाचूनही माझ्या डोक्यात आला नव्हता. तिसऱ्यांदा वाचतो आणि मग लिहितो. निंबोणी, तांदळाचा भाव वहीत असेल तर तेवढा कळवावा.