मदत हवी आहे: मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचा खर्च

नमस्कार मंडळी. मावशी (वय 47, मंगळवेढा तालुका) हिला स्तनाचा कॅन्सर निघालाय. गाठ लहान, काखेत पसरलेली नाही, बरी होईल असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन जन आरोग्य योजनेतून झालं, तिथे काही अडलं नाही. पण रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह आला, म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे. आता केमो, शिवाय दर 21 दिवसांनी ट्रास्टुझुमॅब (हर-टूवरचं इंजेक्शन), वर्षभर. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी हृदयाची टू-डी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी).

मावशी गोळ्यांच्या खोक्यामागे हिशोब लिहिते: रिक्षा 40, शहाळं 60, इको... काल विचारत होती, "पुढची इको महिनाभर लांबवली तर चालेल का रे?" मला बोलवेना. काकांची मजुरी बुडते ती वेगळीच.

योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच आहे, पण हे इंजेक्शन त्यातून कुणाला मिळालंय का? बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळपास तसंच औषध) स्वस्त पडतं म्हणतात, तुमचा अनुभव काय? धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांसाठी कोणते कागद लागले? परळला टाटामध्ये दाखवायचं ठरलं, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा कशी मिळवायची?

पुढचा डोस सोमवारी आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.