स्वयंसेवकांनी केलेल्या सूचीत सासूबाईंच्या आजींची जन्मनोंद सापडत नाही (बोल्टन, १८९२)

बोल्टनची सून

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील लँकेशायर भागात, बोल्टन येथे राहते. माझे सासर इथलेच आहे आणि सासूबाईंच्या माहेरची माणसे कित्येक पिढ्या इथल्या सूतगिरण्यांत राबली. माझे स्वतःचे आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवत असत. त्यामुळे सासूबाई गिरणीच्या आठवणी सांगू लागल्या की मला ते घर परके वाटत नाही. आता त्या पंचाहत्तरीला आल्या आहेत आणि आपल्या आजीचे घराणे कोणीतरी नीट लिहून ठेवावे अशी त्यांची फार इच्छा आहे.

आमच्याकडे एक जुने बायबल आहे. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर आईवडिलांची नावे आणि त्यांच्याखाली पाच मुलांची नावे जन्मतारखांसह शाईने लिहिलेली आहेत. त्यांपैकी ‘नेली, २ डिसेंबर १८९२’ या सासूबाईंच्या आजी. आडनाव एंटविसल. आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले नाही. सर्वांत धाकट्या भावाच्या नावात मध्ये ‘होल्ट’ असा शब्द आहे, तो कशासाठी आहे ते कळत नाही.

फ्रीबीएमडी या जन्म, विवाह व मृत्यूंच्या सूचीच्या संकेतस्थळावर मी १८९२ च्या डिसेंबर तिमाहीत (ऑक्टोबर ते डिसेंबर) बोल्टन जिल्हा निवडून शोध घेतला, पण नेली एंटविसल अशी नोंद नाही. लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स या प्रकल्पात बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या, तिथेही काही मिळाले नाही. गरीब कुटुंब होते, त्यामुळे जन्माची नोंद केलीच नसावी, असे समजून हा शोध थांबवावा का?

प्रेस्टनवासी

ताई, शोध मुळीच थांबवू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, आणि १८७५ पासून तर जन्म न नोंदवल्यास दंडाची तरतूद होती. तेव्हा १८९२ मधील मूल नोंदवले गेले नसण्याची शक्यता फारच कमी आहे. नोंद असणार, ती तुम्ही शोधता आहात त्या जागी आणि त्या नावाने नसेल, एवढेच.

आधी तिमाही पाहू. सूचीतील तिमाही ही जन्माची नसते, नोंदणीची असते. जन्म नोंदवायला बेचाळीस दिवसांची मुदत होती, त्यामुळे २ डिसेंबरला जन्मलेल्या मुलीची नोंद पुढच्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होऊ शकत होती, आणि तशी ती झाली असेल तर सूचीत ती १८९३ च्या मार्च तिमाहीत दिसेल. नेली हे घरात हाक मारण्याचे नाव आहे. कागदावर ते बहुधा एलेन असते, कधी हेलन किंवा एलिनॉर. याच रीतीने पॉली म्हणजे मेरी आणि पेगी म्हणजे मार्गारेट, हेही लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आडनावाचे तर विचारूच नका. एंटविसल हे बोल्टनच्या उत्तरेला असलेल्या एका लहानशा वस्तीचे नाव आहे; बोल्टनहून ब्लॅकबर्नकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्या नावाचे स्थानकही आहे. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तसाच हा प्रकार. साहजिकच या परिसरात हे आडनाव ठायी ठायी भेटते, आणि ते तीन-चार प्रकारे लिहिले जाते: कोणी ‘एस’नंतरचा ‘टी’ लिहितो, कोणी गाळतो, कोणी एक ‘एच’ जास्तीचा घालतो. उच्चार सगळ्यांचा जवळपास सारखाच. म्हणून पूर्ण आडनाव न टाकता ई, एन, टी, डब्ल्यू ही चार अक्षरे आणि पुढे तारांकन टाकून शोधा.

जुनी अक्षरे

मी सात वर्षांपासून अशा नोंदी टंकित करण्याचे काम स्वेच्छेने करतो, त्यामुळे ‘सूचीत नाही म्हणजे नोंदच नाही’ हे वाक्य वाचले की राहवत नाही. तुमच्यासमोर पडद्यावर येणारी ओळ किती हातांतून आलेली असते ते सांगतो.

बोल्टनच्या निबंधकाने मूळ नोंदवहीत जन्म लिहिला. दर तिमाहीला त्या नोंदींच्या नकला लंडनच्या मुख्य नोंदणी कार्यालयाकडे जात. तिथल्या कारकुनांनी साऱ्या देशाची वर्णानुक्रमे सूची केली. १९९८ मध्ये फ्रीबीएमडी सुरू झाल्यावर आमच्यासारख्यांनी त्या सूचीच्या प्रतिमा पाहून ती टंकित केली. म्हणजे तुम्ही पाहता ती नकलेवरून केलेल्या सूचीची नक्कल आहे. १८९२ ची सूची छापील असल्यामुळे आमच्या हातून अक्षर चुकण्याचा संभव त्या वर्षासाठी कमी. चूक असलीच तर ती बहुधा त्याआधीच्या पायरीवर झालेली असते.

लँकेशायर बीएमडी हे संकेतस्थळ वेगळे आहे. ती सूची स्वयंसेवकांनी थेट स्थानिक कार्यालयांतील मूळ नोंदवह्यांवरून केली आहे, म्हणून मधल्या दोन पायऱ्या वाचतात. विवाहाच्या बाबतीत तर तिथे चर्चचे नावही मिळते. मात्र त्यातला संदर्भ क्रमांक स्थानिक कार्यालयापुरताच असतो. तो मुख्य नोंदणी कार्यालयाकडे पाठवून दाखला मागितला तर काही मिळणार नाही. उलट फ्रीबीएमडीवर बोल्टनच्या नोंदीपुढे दिसणारा ‘८सी’ हा खंड क्रमांक मुख्य कार्यालयाचा आहे. हे दोन क्रमांक एकमेकांत मिसळू देऊ नका.

चर्चच्या नोंदवह्यांचे काम मात्र खरोखर अक्षरांशी झुंजण्याचे असते. पाद्री घाईत असे, शाई पसरलेली असे, नावे तोडून लिहिलेली असत. विल्यमचे पहिले अक्षर मोठे आणि त्यामागे वर चढवलेला एक लहानसा ‘एम’, एवढेच. एकदा एका बाईच्या नावाचे पहिले अक्षर ‘एस’ की ‘एल’ हे ठरवण्यासाठी मी त्या पाद्र्याने त्याच महिन्यात लिहिलेली प्रत्येक ‘सेरा’ आणि प्रत्येक ‘लिडिया’ शेजारी ठेवून पाहिली, आणि तरी शेवटी शंकेची खूण करूनच पुढे गेलो. दिसते तसे लिहावे, आपल्या मनाने सुधारू नये, हा आमचा पहिला नियम. त्यामुळे पाद्र्याने आडनाव चुकवले असेल तर आम्हीही ते चुकलेलेच ठेवतो. तेव्हा बाप्तिस्मा शोधताना आडनाव सोडून द्या. आईवडिलांची पहिली नावे आणि पाच वर्षांचा काळ एवढ्यावर शोधा. शिवाय केवळ इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच शोधू नका. गिरणीकामगारांत मेथडिस्ट घरे पुष्कळ होती आणि त्यांच्या चॅपेलच्या वह्या वेगळ्या असत.

दप्तर

वरील दोघांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, पण उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. तारांकन टाकून शोधले की त्या सहा महिन्यांत बोल्टनमध्ये एकाहून अधिक एलेन सापडतील, आणि पहिली सापडलेली एलेन आपली मानून पुढची सारी वंशावळ दुसऱ्याच घराची उभी राहील. हे मी स्वतः एकदा केले आहे, आणि दोन वर्षांचे काम टाकून द्यावे लागले.

तुमच्याकडे खरी किल्ली आधीच आहे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे ‘होल्ट’ हा शब्द तुम्हाला कोड्यासारखा वाटला. लँकेशायरमध्ये मुलाला मधले नाव म्हणून आईच्या माहेरचे आडनाव देण्याची पद्धत होती. ते आईचे माहेर असण्याची शक्यता दाट आहे, पण खात्री करा, कारण ते आजीचे माहेरही असू शकते. जुन्या छापील सूचीत आईचे माहेरचे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिलेले आहे; परंतु मुख्य नोंदणी कार्यालयाने अलीकडे स्वतः केलेल्या नव्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून आहे. तिथे एलेन आणि होल्ट दोन्ही जुळले तर पुढे जा.

त्यानंतर १९११ ची जनगणना पाहा. त्या वर्षीचे अर्ज घरातील माणसांनी स्वतःच्या हाताने भरलेले आहेत आणि तेच जपले गेले आहेत. विवाहित स्त्रीच्या नावापुढे लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली, हे चार आकडे असतात. मध्यवर्ती ग्रंथालयातील बोल्टन हिस्टरी सेंटरमध्ये एकदा जाऊन या. तिथली माणसे आपुलकीने मदत करतात.

बोल्टनची सून

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सगळे पडताळल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

दोन एलेन निघाल्या. १८९२ च्या डिसेंबर तिमाहीतील एलेनचे आडनाव ‘टी’सह लिहिलेले होते, आणि खरे सांगायचे तर तीच आपली असे मी धरून चालले होते. नव्या सूचीत तिच्या आईचे माहेर वेगळे निघाले. १८९३ च्या मार्च तिमाहीतील, ‘टी’ नसलेली एलेन हिची आई होल्ट घराण्यातील. आईवडिलांच्या नावांवर शोधल्यावर बाप्तिस्माही मिळाला, आणि तो खरोखर एका मेथडिस्ट चॅपेलमध्ये झालेला होता. वडिलांचा व्यवसाय सूत कातणारा. बायबलमधील तारीख आणि नोंदवहीतील जन्मतारीख तंतोतंत जुळली.

जनगणनेचा अर्ज सासूबाईंना शेजारी बसवून उघडला. एलेन अठरा वर्षांच्या, गिरणीच्या कार्डिंग (कापूस विंचरण्याच्या) खात्यात. बारा वर्षांच्या धाकट्या भावापुढे ‘हाफ टायमर’ असे लिहिले आहे, म्हणजे अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. ही पद्धत बंद करणारा कायदा १९१८ मध्ये झाला. आडनाव ‘टी’सह आहे, वडिलांच्या स्वतःच्या हातचे. आणि आईच्या नावापुढे आकडे होते: जन्मली सात, हयात चार, वारली तीन.

बायबलमध्ये मुले पाचच आहेत, आणि त्यांपैकी एकाच्याच नावापुढे मृत्यूची तारीख आहे. सासूबाई म्हणाल्या, आजीने आम्हाला कधी सात सांगितली नाहीत. मग आडनावाची सर्व रूपे आणि होल्ट हे माहेर घेऊन लग्नापासून १९११ पर्यंतचे प्रत्येक वर्ष पाहिले. एक मुलगा आणि एक मुलगी सापडली. दोघांचीही नावे मृत्यूच्या सूचीत आहेत, वय शून्य. त्या दोन्ही मृत्यूंचे दाखले मागवून खात्री करून घेतली आहे.

मी ती दोन नावे बायबलच्या पानावर लिहायला निघाले होते. अर्जातील वडिलांचे अक्षर आणि पानावरचे अक्षर वेगळे आहे, म्हणजे ते पान आईच्या हातचे असावे, हे सासूबाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी मला थांबवले. तिने जे लिहिले नाही ते आपण त्या पानावर लिहायचे नाही, असे त्या म्हणाल्या. नावे वेगळ्या कागदावर लिहून तो कागद त्या पानाशी ठेवला आहे.

एक शंका उरली. एलेन यांच्या जन्मनोंदीत ‘टी’ सुटला आहे. फ्रीबीएमडीला दुरुस्ती पाठवू का?

जुनी अक्षरे

आधी सूचीच्या पानाची प्रतिमा उघडून पाहा. छापील पानावर ‘टी’ असेल आणि टंकित करणाऱ्याकडून सुटला असेल, तर दुरुस्ती जरूर पाठवा, आम्ही ती तपासून घेतो. छापील पानावरच ‘टी’ नसेल तर दुरुस्ती पाठवू नका, कारण आमची ओळ पानाशी जुळलीच पाहिजे. अशा वेळी त्या नोंदीला टीप जोडण्याची सोय आहे. तिथे कुटुंब हे आडनाव ‘टी’सह लिहीत असे एवढे लिहा, १९११ चा अर्ज हा आधारही नमूद करा. जनगणनेत त्यांना शोधत आलेला माणूस त्या टिपेमुळे या नोंदीपर्यंत पोहोचेल.