सायटेशनचा आकडा म्हणजे संशोधकाची किंमत का?

रातांबा
आमच्या मॅडम जीवरसायनशास्त्राच्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात 22 वर्षं कोकमावर काम. 17 पेपर, एच-इंडेक्स 6, म्हणजे 6 पेपर असे की प्रत्येकाचा दाखला (सायटेशन) निदान 6 पेपरांत आलाय. परवा बढतीच्या मुलाखतीत हा आकडा विचारला आणि ‘या आता’ म्हणाले. कामाबद्दल एक प्रश्न नाही.

मी त्यांच्याकडे एमएस्सीचं प्रोजेक्ट केलं. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून फोडून बोटं लाल व्हायची. सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल रस आटवताना लॅक्टोन, म्हणजे त्याचंच वेगळं रूप, होऊन बसतं, म्हणून मॅडम दोन्ही वेगवेगळं मोजायला लावायच्या. आकडे जुळले नाहीत की परत पहिल्यापासून. पेपर वर्षभर रखडला तरी चालेल, पण चुकीचा आकडा बाहेर जाता कामा नये. हे त्या 6 मध्ये कुठे दिसतं?

पिपेट
मॅडमचं वाईट वाटलं. पण आकड्यावर राग काढू नका. आकडा नव्हता तेव्हा ‘कोणाकडून आलात?’ विचारायचे. मी ते ऐकलंय, त्याच खुर्चीत बसून. मागे कोणी नसलेल्या मुलाकडे दाखवायला सायटेशनच असतात.

कोलकात्याचे शंभूनाथ डे आठवा. कॉलऱ्याचं विष त्यांनी 1959 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं, आणि आपल्याकडे त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्या कामाचं मोल सविस्तर मांडलं ते युजीन गारफिल्डनी, म्हणजे सायटेशन इंडेक्स उभा करणाऱ्या माणसानेच.

खाडीकाठ
गारफिल्डचा तो लेख 1986 चा. डे 1985 मध्येच गेले.

आणि सायटेशन नेमकं काय मोजतं? लाउरींचा 1951 चा पेपर प्रथिनं मोजायच्या पद्धतीचा. 3 लाखांहून जास्त दाखले, कारण प्रयोगशाळेत प्रथिनं सगळ्यांनाच मोजावी लागतात. पद्धत उपयोगी आहे, वादच नाही. पण कोकमावर काम करणारे मुळात किती? दाखला देणारं माणूसच नसेल तर तो येणार कुठून?

पिपेट
हे मला पटत नाही. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल एटीपी-सिट्रेट लायेज या एन्झाइमला अडवतं, शरीरात चरबी तयार होण्याच्या वाटेवरच. वजन कमी करायच्या गोळ्यांपायी जगभर त्यावर पेपर निघालेत. वाचक आहेत. मॅडमचं काम त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, त्याला थोड्या मॅडमही जबाबदार आहेत. स्थानिक मासिकात छापून थांबायचं आणि मग दाखले नाहीत म्हणायचं, हे बरोबर नाही.

रातांबा
तेवढं मान्य. चांगल्या मासिकाकडे पाठवा म्हणून मीही मागे लागले होते. पण मग 17 पैकी एक तरी पेपर समितीने उघडून बघायचा होता.

आगळवाली
मला इंडेक्स वगैरे कळत नाही. आम्ही वेंगुर्ल्याकडे बचत गटाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करतो. तीन वर्षांपूर्वी आगळाचा लाल रंग उडून तपकिरी व्हायचा, गिऱ्हाईक बाटल्या परत करायचं. मॅडम आल्या, दिवसभर बसल्या. बाटल्या पडवीत उन्हाच्या तिरपीत ठेवलेल्या बघून म्हणाल्या, हा रंग उजेडाने आणि उष्णतेने मरतो. बाटल्या आतल्या काळोख्या खोलीत हलवल्या. गेल्या वर्षी एकही परत आली नाही.

मॅडमच्या फाईलला आमचं पत्र जोडता येईल का? अकरा जणी सह्या करायला तयार आहोत. पत्र कोणाच्या नावे लिहायचं तेवढं सांगा.