मदत हवी आहे: माउंटन बाइकची क्लिपलेस पेडलं, जास्त पैसे मोजले तर खरंच जास्त टिकतात का?

नमस्कार मंडळी. पेडलांबद्दल सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पुन्हा विचारावं लागणार नाही.

माझ्या सायकलला साधी क्लिपलेस पेडलं आहेत, म्हणजे बुटाखाली बोल्टने बसवलेला धातूचा तुकडा (क्लीट) पेडलमध्ये अडकतो. दोन बोल्टांची क्लीट, दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, भोवती पिंजरा (आधाराची चौकट) नाही. बरीच वर्षं ती विनातक्रार चालली. आता उजवं पेडल हातात धरून हलवलं की डुगडुगतं, आणि चढावर उभं राहून जोर दिला की दर फेऱ्यात एकाच जागी तळव्याखाली कट्ट असं लागतं. क्रँक (पेडल जोडलेला दांडा) धरून आडवा हलवून पाहिला, तो पक्का आहे, त्यामुळे बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगवर, संशय नाही. स्प्रिंग आणि क्लीटची पकड अजून उत्तम. म्हणजे गेलंय ते आतलं: एक्सल (पेडल ज्यावर फिरतं ती दांडी) आणि बेअरिंग.

माझं चालवणं बहुतेक दगडगोट्यांच्या वाटांवर. पाण्यातून, चिखलातून जाणं नेहमीचं, आणि पेडल दगडाला घासणंही नेहमीचं. शर्यती नाहीत. मला वजनाचं काही पडलेलं नाही, टिकण्याचं आहे.

गोंधळ इथे होतो. कुठल्याही कंपनीचा तक्ता उघडा, वजन पहिल्या ओळीत असतं. शिमानोचंच पाहा: एम५२० ची जोडी साधारण ३८० ग्रॅम, एक्सटी एम८१०० ची ३४२, एक्सटीआर एम९१०० ची ३१० च्या आसपास. वरच्या मॉडेलची किंमत खालच्याच्या कितीतरी पट. म्हणजे सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जोडीत फरक ७० ग्रॅमचा, पाण्याच्या चार-पाच घोटांइतका. पण पेडल किती टिकेल, याबद्दल तक्त्यात एक शब्द नसतो. तो फरक फक्त वापरणाऱ्यांनाच ठाऊक असणार.

म्हणून विचारते. हे पेडल उघडून दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? नसेल तर पुन्हा असंच साधं घ्यावं की एकदाच वरचं घेऊन मोकळं व्हावं? आणि क्रँक ब्रदर्स किंवा टाइमची पेडलं चिखलात फार चांगली म्हणतात, ती टिकायला कशी आहेत? जाणकारांनी स्वतःच्या वापरातलं लिहिलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

टाकून देऊ नका, आधी उघडा. सगळ्या कंपन्यांची बेअरिंग सारखी नसतात, आणि दुरुस्ती होणार की नाही हे तिथेच ठरतं.

शिमानोच्या पेडलांत, खालपासून वरपर्यंत, बारीक सुटे छर्रे आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता, आट्यांचा भाग) असतात. यात घट्टपणा पुन्हा लावता येतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू. डुगडुग सुरू झाली म्हणजे पेडल संपलं असं नाही, बऱ्याचदा कोन फक्त सैल झालेला असतो. तुमचं पेडल त्याच धाटणीचं असेल तर काम असं:

पेडल क्रँकवरून काढा. एक्सल जिथून आत जातो तिथली कॉलर उघडायला काही मॉडेलांना दातेरी प्लास्टिकची खास चावी लागते, काहींना साधा पाना चालतो. इथे नीट लक्ष द्या. उजव्या पेडलच्या कॉलरला उलटे आटे असतात आणि डाव्याच्या सुलटे, म्हणजे क्रँकला पेडल बसतं त्याच्या बरोबर विरुद्ध. कॉलरवर घट्ट करण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, तो पाहूनच जोर लावा. प्लास्टिकच्या चाव्या फुटतात त्या बहुतेक इथेच.

एक्सल अख्ख्या संचासकट बाहेर येतो. टोकाला लॉकनट आणि त्याखाली कोन. लॉकनट सैल करा, कोन किंचित आवळा, लॉकनट पुन्हा घट्ट करा, बोटांनी फिरवून पाहा. लॉकनट आवळताना कोनही थोडा सरकतो, त्यामुळे दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागेल. एक्सल सहज फिरला पाहिजे आणि डुगडुग शून्य झाली पाहिजे.

फिरवताना खरखर लागली तर कोन आणि छर्रे बाहेर काढून पुसून बघा. कोनाच्या वाटेवर बारीक खड्डे पडले असतील तर कितीही आवळा, उपयोग नाही. मग एक्सलचा संच बदलायचा. तो अनेक मॉडेलांसाठी सुटा मिळतो, पण साध्या पेडलच्या बाबतीत संचाची किंमत आणि नव्या जोडीची किंमत शेजारी ठेवून पाहा. बऱ्याचदा नवी जोडीच परवडते.

तुमचं वर्णन, दर फेऱ्यात एकाच जागी कट्ट लागणं, वाचून मला खड्ड्यांचाच संशय येतो आहे. तरी उघडून बघाच, कारण नव्या पेडलची निगा राखायलाही हे काम यायला हवं.

प्रतिसाद २

उघडण्याआधी बुटाचा सोल बघा. क्लीटच्या दोन्ही बाजूंचं रबर झिजलं की बूट पेडलवर टेकत नाही, सगळा भार एकट्या क्लीटवर येतो आणि पाय डुलतो. पुष्कळ जण याच डुलण्याला बेअरिंगचा दोष समजून पेडल बदलतात. तुमचं पेडल हातानेही हलतंय म्हणजे दोष आत आहेच, पण दोन्ही एकदम असू शकतं.

प्रतिसाद ३

क्रँक ब्रदर्स आणि टाइम, दोन्ही खूप वापरली आहेत, म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर देतो.

क्रँक ब्रदर्सच्या एगबीटर मॉडेलच्या चारही बाजूंनी पाय अडकतो आणि चिखल साचायला मुळात जागाच नाही. चिकट मातीत इतर पेडलांवर पाय आपटून क्लीट मोकळी करावी लागते, तिथे हे सरळ अडकतं. त्यांच्याच कँडी आणि मॅलेट मॉडेलांमध्ये यंत्रणा तीच, भोवतीचा आधार मोठा. टिकण्याचं म्हणाल तर दोन गोष्टी समजून घ्या.

एक, आतली रचना वेगळी आहे. क्रँककडच्या बाजूला बुश (छर्रे नसलेली साधी नळी) असतो आणि बाहेरच्या टोकाला छोटं बंद बेअरिंग. यात कोन आवळणं वगैरे काही नाही. झिजलं की बुश, बेअरिंग आणि सील बदलायचे. त्याचा तयार संच मिळतो आणि काम घरी होतं. ज्याला ठराविक काळाने असं काम करायला आवडतं त्याच्याकडे ही पेडलं वर्षानुवर्षं चालतात. ज्याला पेडलकडे बघायचंच नसतं त्याच्याकडे बुश आधी जातो, मग एक्सलही खराब होतो.

दोन, क्लीट पितळेची. पितळ मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे झीज पेडलच्या पोलादी पंखाऐवजी (क्लीट पकडणाऱ्या दांड्यांऐवजी) क्लीटची होते. म्हणून शिमानोच्या पोलादी क्लीटपेक्षा ती लवकर बदलावी लागते. खडकाळ वाटेवर उतरून बरंच चालत असाल तर आणखी लवकर. हा चालू खर्च पेडलच्या किमतीत धरूनच तुलना करा. बुटाचा सोल कार्बनचा किंवा कडक असेल तर क्लीटखाली पातळ पत्रा घाला, नाहीतर ते पंख सोलला खाच पाडतात.

आणि एक अडचण तुमच्या दगडांच्या वाटांसाठी: एगबीटरचे पंख उघडे असतात, थेट दगडाचा मार त्यांना बसतो. मॅलेटसारख्या पिंजऱ्याच्या मॉडेलमध्ये तो मार पिंजरा घेतो. तुम्हाला हेच घ्यायचं असेल तर पिंजऱ्याचं घ्या.

टाइम एटॅकची क्लीटसुद्धा पितळेचीच. पण त्यात यंत्रणा पेडलच्या अंगात जास्त झाकलेली असते, आणि पाय डाव्या-उजव्या बाजूलाही थोडा सरकू शकतो. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी हे वापरून बघावं, मला त्याचा फार फायदा झाला. क्रँक ब्रदर्स आणि टाइम, दोन्हींत डाव्या-उजव्या क्लीटची अदलाबदल केली की सुटण्याचा कोन बदलतो: क्रँक ब्रदर्समध्ये १५ किंवा २० अंश, टाइममध्ये १३ किंवा १७. स्प्रिंगचा ताण मात्र क्रँक ब्रदर्समध्ये कमी-जास्त करता येत नाही. शिमानोमध्ये एका अ‍ॅलन चावीने तो होतो.

प्रतिसाद ४

वरचं की खालचं, या मूळ प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: टिकण्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका. शिमानोत एम५२० पासून एक्सटीआरपर्यंत एक्सल पोलादाचाच आहे आणि बेअरिंगची पद्धत तीच. वरच्या मॉडेलमध्ये पैसे जातात ते कमी वजनात, चिखल निघून जायला ठेवलेल्या जागेत, आणि बूट टेकायला मिळणाऱ्या रुंद कडांत. यांतली शेवटची गोष्ट खरोखर कामाची आहे, लांब उतारावर पाय स्थिर राहतो. पण ते आरामाचे पैसे झाले, आयुष्याचे नव्हेत. तुम्ही दगडाला पेडल घासता. घासल्यावर स्वस्त पेडलवरही ओरखडा येतो आणि महागावरही, मन मात्र महागावर जास्त दुखतं.

टायटॅनियमच्या एक्सलची पेडलं तर तुमच्यासाठी नाहीतच. काहींना चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा असते, आणि तुम्हाला वजन वाचवायचंच नाही.

पिंजऱ्याचा विचार मात्र जरूर करा. एम८१२० सारखं पिंजऱ्याचं मॉडेल जड असतं, पण दगड आधी पिंजऱ्याला लागतो, पाय क्लीटमध्ये नसतानाही टेकायला जागा मिळते. साध्या मॉडेलमध्येही पिंजऱ्याचा प्रकार मिळतो.

एसपीडीची, म्हणजे शिमानोच्या या क्लीट-पेडल पद्धतीची, आणखी एक गोष्ट मला किमतीपेक्षा मोठी वाटते. ही पद्धत १९९० मध्ये आली आणि दोन बोल्टांची तीच क्लीट आजही चालते. जुनं पेडल असो, नवं असो, क्लीट मिळणार याची खात्री. दुसऱ्या कंपन्यांची कित्येक पेडलं एसपीडी क्लीट घेतात, पण त्यांच्यासोबत आलेलीच क्लीट वापरलेली बरी. मापात अगदी बारीक फरक असला तरी पाय सुटताना जाणवतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ प्रमाणे उजवं पेडल उघडलं. बाणाची सूचना फार उपयोगी पडली, त्याशिवाय मी उलट्या दिशेनेच जोर लावला असता. आतलं ग्रीस काळं आणि पाणचट झालेलं, आणि पुसल्यावर कोनावर एका बाजूला खड्डे स्पष्ट दिसले. अंदाज बरोबर होता. कोन आवळून पाहिला: डुगडुग गेली, पण फिरवताना तेच अडखळणं. एक्सलचा सुटा संच मला नव्या जोडीच्या किमतीच्या इतका जवळ मिळतोय की तो घेण्यात हशील नाही.

बुटाच्या सोलचंही खरं निघालं, उजव्या बुटाचं रबर क्लीटच्या बाहेरच्या बाजूला गेलंय. ते वेगळं बघते.

आता ठरवलंय ते असं: साधंच मॉडेल, पण पिंजऱ्याचं. दोन शंका राहिल्या. जुन्या क्लीट अजून बऱ्या दिसतात, त्याच नव्या पेडलला वापरू का? आणि पाण्यातून जाणं टळणार नाही, तर ग्रीस किती वेळा बदलावं?

प्रतिसाद १

क्लीट पेडलसोबत नव्याच मिळतात, त्याच लावा. झिजलेली क्लीट नव्या पेडलमध्ये एकतर ऐन वेळी सुटते किंवा सुटायला अडते, आणि मग दोष पेडलला जातो. जुन्या क्लीटच्या पुढच्या टोकाची जाडी नव्याशी ताडून पाहा, डोळ्यांना फरक दिसेल. खोक्यात बहुधा एसएच५१ असते, ती फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ अनेक दिशांनी सुटते, नवशिक्यांना ती बरी. पण चढावर जोरात वर ओढलंत तर तीही सुटू शकते, म्हणून तुम्हाला एसएच५१ च योग्य.

ग्रीसला कॅलेंडर लावू नका, हाताला विचारा. पेडल बोटाने फिरवलं की ते जरा जड, रेशमासारखं फिरलं पाहिजे. भिरभिर फिरायला लागलं तर ग्रीस संपलंय, खरखरलं तर आत पाणी किंवा माती गेलीय. पाण्यात पेडल बुडेल अशा वाटेवरून आल्यावर हे एवढं तपासा. शिमानोच्या रचनेत सोपी पद्धत आहे: एक्सलचा संच काढायचा, पेडलच्या पोकळीत चांगलं ग्रीस भरायचं आणि संच हळूहळू परत फिरवत बसवायचा. नवं ग्रीस जुन्याला बाहेर ढकलतं. कोन सोडवायचीही गरज नाही. हे वेळेवर झालं तर खड्डे पडायला बराच काळ लागतो.

धुताना दाबाच्या पाण्याचा झोत एक्सलच्या सीलवर मारू नका, साधी बादली आणि ब्रश पुरे. स्प्रिंगला धुतल्यावर तेलाचा एक थेंब, वरचं पुसून टाका, नाहीतर माती चिकटते.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा. डावं पेडल उलट्या आट्यांचं. शिमानो ३५ ते ५५ न्यूटन-मीटर सांगते, क्लीटच्या बोल्टांना ५ ते ६. पहिल्या फेरीनंतर क्लीटचे बोल्ट पुन्हा तपासा, त्या सोलमध्ये थोड्या रुततात आणि बोल्ट सैल पडतात. बोल्ट सैल असेल तर टाच वळवली तरी क्लीट बुटाखाली नुसती फिरते आणि पाय सुटतच नाही. दगडांत हे धोक्याचं आहे.

धागाकर्ती

क्लीट नव्याच लावते. जुनं डावं पेडलही उघडून पाहिलं, त्याचे कोन अजून गुळगुळीत आहेत. ग्रीस भरून ठेवून देते आहे, त्याचे छर्रे, स्प्रिंग, बोल्ट कधीतरी लागतील. कुणाला त्या धाटणीचा डावा एक्सल हवा असेल तर इथेच कळवा, पाठवून देईन.